नोंद क्रमांक सत्तेचाळीस : ज्वारी

हे लिहून ठेवायचंच नाही, असं सन्मतीनं जवळजवळ ठरवलं होतं. फोनवर दोनदा सुरुवात केली, दोनदा खोडली. तिसऱ्यांदा एकच शब्द टाइप केला : जवारी. फोननं तो लगेच स्वतःच्या अकलेनं सुधारला आणि 'ज्वारी' करून ठेवला. सन्मती बराच वेळ त्या शब्दाकडं बघत बसला. मग म्हणाला, झालं, आता सुटका नाही. कारण सगळी भानगड याच दोन शब्दांमधली होती, आणि ती फोननं केली असं म्हणून त्याला हात झटकता येत नव्हते.

सन्मती मगदूम, वय सत्तावीस, राहणार मिरज. बीसीए दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. जे काही येत होतं ते व्हिडिओ बघून, मशीन उघडून, मोडून, परत जोडून शिकलेलं. रुग्णालयात तो आधी केसपेपर काढायचं यंत्र दुरुस्त करायला आला आणि तिथंच चिकटला. त्याचं नाव झालं ते एका शब्दामुळंच. तिथं रुग्णांना विचारायची एक प्रश्नावली होती. कुठल्यातरी भाषांतरकारानं लिहिलेली : 'आपल्या हालचालींमध्ये काही बाधा आहे काय?' त्यावर म्हैसाळच्या एका आजीनं उत्तर दिलं, "नाही बाई, आता बाधा नाही. गेल्या अवसेला उतरवून टाकली." नर्सनं ते तसंच लिहून घेतलं. सन्मतीच्या ते नजरेला पडलं. त्यानं प्रश्न बदलून लिहिला, 'घरातल्या घरात चालायला त्रास होतो का?' आणि बाकीचेही सगळे प्रश्न असेच माणसांत आणून ठेवले.

मेंदूविकार विभागाच्या डॉ. बेनाडीकर मॅडमनी ते वाचलं आणि त्याला बोलावून घेतलं. "तुला शब्द कळतात," त्या म्हणाल्या. "मला तसाच माणूस पाहिजे."

हे दोन हजार सदतीस सालचं. त्याच वर्षी 'बिल्ला' आला.

बिल्ला म्हणजे कानामागं चिकटवायची, जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढी चकती. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी. मेंदूच्या पार मधोमध थॅलॅमस नावाचे खारकेएवढे दोन गोळे असतात. ते मेंदूचं टपाल ऑफिस. बोटांना काय लागलं, कानांनी काय ऐकलं, हात कुठं हलवायचा, सगळी पत्रं तिथून पुढं जातात, प्रत्येकाचा खण वेगळा. कंपाच्या आजारात हालचालीच्या खणातली पत्रं एका तालात गरागरा फिरत राहतात आणि बाहेर हात त्याच तालात थरथरतो. बिल्ला कवटीतून आत बारीक ध्वनिलहरी सोडतो आणि नेमका तो खण गप्प करतो. चिरफाड नाही, भूल नाही.

अडचण एकच. प्रत्येकाच्या कवटीचं हाड वेगळं, त्यामुळं लहरी किती जोरात सोडायच्या, कुठल्या कोनातून, किती पसरू द्यायच्या, हे माणसागणिक वेगळं. ते बिल्ला स्वतःच शोधायचा. रोज थोडा फेरफार करून बघायचा. माणसाचं बरं झालं तर तसाच पुढं जायचा, नाही तर माघारी यायचा. पण 'बरं झालं' हे त्याला कळणार कसं? तापाला थर्मामीटर असतो. जगणं सुधारलं का, याला काय लावणार? त्याला एक आकडा द्यावा लागतो, आणि तो आकडा रुग्णाला प्रश्न विचारूनच काढावा लागतो. कुठल्या प्रश्नांनी, ते ठरवायचं काम मॅडमनी सन्मतीवर सोपवलं.

"आपण जे मोजायचं म्हणतोय तेच त्यातून मोजलं जातं का, ते बघ," त्यांनी सांगितलं. "आज विचारलं आणि परवा विचारलं तर उगाच वेगळं उत्तर येत नाही ना, ते बघ. माणूस खरंच सुधारला तर आकडा हलतो का, ते बघ. बाकी तू शहाणा आहेस."

पर्याय तीन होते. विभागात त्यांना टोपणनावंच पडली. एक 'मोठी वही', साठ प्रश्नांची. रुग्ण तिसाव्या प्रश्नाला पेंगायचा. दुसरी 'पट्टी', पाचच प्रश्न : चालणं, हाताची कामं, दुखणं, झोप, मन. दोन मिनिटांत निकाल. तिसरा 'कोरा कागद'. त्यात प्रश्न तयार नसायचे. रुग्णाजवळ अर्धा तास बसायचं आणि विचारायचं, 'तुमच्या जगण्यातल्या अशा तीन गोष्टी सांगा, ज्या गेल्या तर तुम्ही तुम्ही राहणार नाही.' तो सांगेल त्या गोष्टींवरच मग दर आठवड्याला त्याच्याकडून गुण घ्यायचे. सगळ्यात खरा कागद तोच, हे सन्मतीला पहिल्या दिवशी कळलं होतं. रुग्ण होते दोनशे बारा, आणि प्रत्येकाजवळ अर्धा तास बसणारा माणूस एकच, तो स्वतः, हेही पहिल्याच दिवशी कळलं होतं.

कोऱ्या कागदाच्या चाचणीसाठी साठ जणांची नावं निघाली. सत्तेचाळिसावं नाव दस्तगीरचाचांचं.

दस्तगीरचाचा म्हणजे जुबेरचे अब्बा. जुबेर आणि सन्मती पहिलीपासून एका बाकावरचे. चाचांचं दुकान तंतुवाद्यांच्या गल्लीत. भोपळे टांगलेले, लाखेचा वास, आणि मधोमध चाचा मांडीवर तंबोरा घेऊन. सन्मतीचं निम्मं लहानपण त्या भोपळ्यांखाली गेलेलं. दोन वर्षांपूर्वी चाचांचा हात थरथरायला लागला आणि कानस हातातून सुटली. तेव्हापासून ते नुसते दुकानात बसायचे. जुबेर खुंट्या बसवायचा, तारा ओढायचा. शेवटचं काम मात्र गल्लीतल्या दुसऱ्या कारागिराकडून करून आणायचा.

"बस की रं," चाचा म्हणाले. चहाची बशी त्यांच्या हातात किणकिणत होती. "काय इच्यारायचं ते इच्यार. जेवणाचं सोडून. जेवताना निम्मं शर्टाला खाऊ घालतोय मी."

सन्मतीनं फोन मधे ठेवला. फोन ऐकून आपोआप लिहून घेणार होता. "चाचा, अशी कुठली गोष्ट, जी गेली तर तुम्ही तुम्ही राहणार नाही?"

चाचांनी विचारसुद्धा केला नाही. "जवारी," ते म्हणाले.

"दुसरी?"

"जवारी म्हटलं की. दुसरी काय आन् तिसरी काय."

तंबोऱ्याची तार घोडीवर टेकते तिथं घोडीचा माथा कानशीनं इतका अलगद घासायचा, आणि तारेखाली सुताचा दोरा अशा जागी सरकवायचा, की तार नुसती वाजत नाही. तिच्यातून आणखी दहा सूर भुंग्यासारखे उठतात. ती जवारी. केसभर जास्त घासली तर तार बोंबलते, केसभर कमी तर मुकी होते. ते बोटाच्या पेराला आणि कानाला कळतं, दुसरं कशालाच नाही. चाचांची जवारी असलेला तंबोरा धारवाडचे गायक डोळे मिटून ओळखायचे.

दुकानाबाहेर आल्यावर सन्मतीनं फोन बघितला. नोंद क्रमांक सत्तेचाळीस : 'ज्वारी. वर्ग : आहार. त्रास : नाही.' आपल्याकडं बरीच माणसं ज्वारीला जवारीच म्हणतात, यंत्रानं त्यावरून ताडलेलं. सन्मतीला रस्त्यातच हसू फुटलं. दुरुस्त करू, तो मनात म्हणाला. पण दुरुस्त करायचं तर वर्ग कुठला द्यायचा? यादीत 'जवारी' असा वर्ग नव्हता. नवा वर्ग करायचा म्हणजे बाकीच्या एकोणसाठ नोंदीही उघडून बघायला लागणार. गुरुवारी बैठक होती, आणि तो मंगळवार होता.

गुरुवारी मोठ्या खोलीत पंचवीस माणसं होती. मोठी वही दहा मिनिटांत बाद झाली. कोऱ्या कागदाची पाळी आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मला हा आवडलाय. सन्मती, तुझा अनुभव?"

आता बघा, तिथं तो खरं बोलू शकला असता. पण खरं बोललं की दोनशे बारा अर्धे तास त्याच्याच गळ्यात पडणार. आणि समोर एवढी मोठी माणसं. त्यांच्यापुढं त्याला चुरचुरीत दिसायचं होतं. त्यानं नोंद सत्तेचाळीस पडद्यावर लावली.

"अनुभव असाय मॅडम, की मोकळं सोडलं की लोक काहीही सांगतात. या आजोबांना विचारलं, जगण्यात सगळ्यात महत्त्वाचं काय? म्हणाले, ज्वारी."

खोली खळाळून हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "भाकरी की हुरडा?" परत हसू. मॅडमही हसल्या. सन्मतीही हसला. त्या अर्ध्या मिनिटात कोरा कागद गेला आणि पट्टी आली. पाच प्रश्न, दोन मिनिटं, रोज सकाळी फोनवर. तो आकडा बिल्ल्याच्या पोटात घातला गेला.

आठ महिन्यांत चाचा पट्टीवर शंभरापैकी एक्केचाळीसवरून त्र्याण्णववर गेले. सगळ्या दोनशे बारांत पहिले. रुग्णालयाच्या भिंतीवर त्यांचा फोटो लागला : काठोकाठ भरलेला कप हातात, बशी कोरडी. सन्मती जाता-येता तो बघायचा, आणि त्याला बरंही वाटायचं. फोटोतले चाचा हसत नाहीत, हे त्याला बरेच दिवस दिसलं नाही.

मग एका दुपारी जुबेरचा फोन. "सन्म्या, येऊन जा जरा."

दुकानात एक तंबोरा कापडात गुंडाळून ठेवलेला होता. हात थांबल्यापासून चाचा परत कामाला बसले होते, आणि त्यांनी जवारी काढलेला हा तिसरा तंबोरा धारवाडहून माघारी आला होता. सोबत चिठ्ठी नव्हती. चाचांच्या कामाबद्दल चिठ्ठी लिहायचा धीर कुणाला होणार?

चाचा कानस घेऊन बसलेले. हात दगडासारखा स्थिर. घोडीवर चार हात मारले, दोरा सरकवला, तार छेडली. "कशी वाटती?"

सन्मती काही गाणारा नव्हता. पण त्या भोपळ्यांखाली वाढलेला होता. तार वाजली ती प्लॅस्टिकच्या बादलीवर टिचकी मारावी तशी. भुंगा नाही, काही नाही.

"झक्कास की नाही?" चाचा म्हणाले. पण ते तंबोऱ्याकडं बघतच नव्हते. सन्मतीच्या तोंडाकडं बघत होते. ते त्याच्या तोंडावरून ऐकायचा प्रयत्न करत होते.

जुबेरनं त्याला पायरीवर नेलं. "मीच अडाणी. हात थांबला म्हणून पेढे वाटले. हात थांबून काय उपयोग, वय कुणाला सुटलंय? काल म्हटलं त्यांना, अब्बा, तुम्ही आता घरीच बसा, तुमचे कान गेले. भांडतील वाटलं. नुसते 'बरं' म्हणाले." त्यानं नाक पुसलं. "अब्बा कधी 'बरं' म्हणालेत का रे मला?"

बिल्ला लागेपर्यंत चाचांचे कान शाबूत होते. वयाचं हे नव्हतं. सन्मतीला पायरीवर बसल्या-बसल्याच कळलं.

तसाच तो रुग्णालयात गेला आणि चाचांच्या बिल्ल्याची आठ महिन्यांची वाट उघडून बघितली. बिल्ल्यानं काही चूक केली नव्हती. त्याला सांगितलेलं काम त्यानं इमानानं केलं होतं. पहिल्या महिन्यात हात थांबला, आकडा ऐंशीला गेला. तिथून पुढं वाढवायचा कसा? लहरी थोड्या पसरल्या की सांधेदुखी बोथट व्हायची, झोप वाढायची, आकडा चढायचा. म्हणून दर आठवड्याला त्या तीळ तीळ मागं पसरत गेल्या. मागं कुठले खण होते? बोटांच्या स्पर्शाचा, आणि त्याच्यामागं कानाचा. ऐकू सगळं यायचं, बोलणं, हॉर्न, अजान. फक्त त्यातले बारीक सूर गळून जायचे. पण त्याबद्दल पट्टीत प्रश्न नव्हता. जे मोजलं ते बिल्ल्यानं वाढवलं, आणि जे कुणी विचारलं नाही ते खर्चून टाकलं.

त्यानं मॅडमना दाखवलं. त्या खुर्चीत टेकून बसल्या. "पण त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, सन्मती. रोज उत्तरं दिलीत त्यांनी."

"रोज पाच प्रश्नांची उत्तरं दिलीत, मॅडम. सहावा आपण विचारलाच नाही."

"कुणाला माहीत होतं, त्यांना काय विचारायला हवं होतं ते?" मॅडम स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग त्याच्याकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"नाही," सन्मती म्हणाला.

फटकन बाहेर पडलं. नाही. तोंडातून निघालेला शब्द परत गिळता येत नाही.

कानाचा खण इतका दबला होता, की नुसतं पहिल्या महिन्यावर येऊन भागणार नव्हतं; मॅडमनी लहरी त्याच्याही मागं नेऊन बघायची परवानगी दिली. "हात परत थरथरणार, हे आधी सांग. ते हो म्हणाले तरच. आणि कान किती परत येईल, मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सन्मती दुकानात चाचांसमोर बसला. जुबेर लाखेचं भांडं ढवळत होता. सन्मतीनं बिल्ल्याचं सगळं सांगितलं. चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे म्हातारपण न्हवं हे?"

"नाही चाचा."

"बघ रं जुब्या," चाचा म्हणाले. "कान गेलं म्हणत होतास. कान चोरीला गेलतं." मग सन्मतीकडं वळून : "फिरव मागं."

"हात—"

"हाताला काय करायचंय मुक्या तारेपुढं? फिरव."

सन्मतीनं लहरी मागं घेतल्या. पाऊण तास काही झालं नाही. मग डाव्या करंगळीपासून सुरुवात झाली आणि बघता-बघता दोन्ही हात थरथरायला लागले. जुबेरनं तोंड फिरवलं. चाचा मात्र मान वाकडी करून बसले होते, लांबून कुणी हाक मारतंय का ऐकावं तसे. दारात कुणाची तरी सायकल टेकली, तिच्या घंटीला धक्का लागला आणि ती टिंग वाजली. चाचा दचकले.

"तार दे," ते म्हणाले. जुबेरनं धारवाडहून आलेला तंबोरा पुढं धरून छेडला. चाचांचं तोंड कडू औषध प्यावं तसं झालं. "या अल्ला! कुठल्या गाढवानं काढली ही जवारी?"

"तुम्हीच, अब्बा."

मग चाचा हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा, पोट हलवून. हसता-हसता डोळे पुसायला गेले तर हात भलतीकडंच गेला.

"सगळं न्हाई आलं," ते मग म्हणाले. "सोळा आण्यातलं बारा आणं. वरचं चार लांबच हाईत अजून." त्यांनी कानस उचलायला बघितली, ती खाली पडली. त्यांनी ती पायानंच जुबेरकडं सरकवली. "उचल. बस हितं माझ्याम्होरं."

"मला नाही जमायचं, अब्बा. मी खुंट्यावाला."

"हात तुजं, कान माजं. घास. हळू... हळू म्हणतोय, बैला! हितं काय खिळं काढतोयस? हां. थांब. आता सूत जरा मागं. आनखी. केसभर."

तार छेडली. बादलीच. परत घासलं. परत बादली. चाचा शिव्या देत होते, जुबेर घामानं भिजला होता. कितव्या तरी खेपेला तारेच्या पोटातून काहीतरी उठलं, एवढंसं, भुंगा कळीत अडकावा तसं. चाचांचे दोन्ही थरथरते हात वर झाले. "तिथंच! हलवू नको!"

त्या आवाजात सन्मतीला बसवेना.

"चाचा," तो म्हणाला. "एक राहिलंय." आणि त्यानं सांगितलं. नोंद सत्तेचाळीस, ज्वारी, आहार. दुरुस्त केली नाही ते. गुरुवारची खोली. सगळे कसे हसले, आणि तो कसा हसला.

चाचांनी डोळे बारीक केले. "ज्वारी?" मग खांदे उडवले. "त्रास न्हाई लिवलंस ते तरी खरंय. भाकरी पचती मला." आणि परत तारेकडं वळले. त्यांनी माफ केलं, की त्यांना एवढ्यात तारेपुढं बाकी काही महत्त्वाचं वाटेना, हे सन्मतीला कधीच कळलं नाही. त्याला शिव्या हव्या होत्या. बैल म्हणायला पाहिजे होतं त्याला.

जुबेर हसला नाही. त्यानं कानस ठेवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. सन्मती मागून गेला.

"तुला ठाऊक होतं तो शब्द," जुबेर म्हणाला. "त्या यंत्राला नसेल. मॅडमला नसेल. तुला ठाऊक होतं. सहा वर्षांचा असताना अब्बाच्या पुढ्यात बसून तू जवारीचा दोरा ओढला होतास. आठवतंय? कानफटात बसली होती."

"आठवतंय."

"आणि मी माझ्या बापाला म्हातारा म्हणालो. घरी बसा म्हणालो." आतून चाचा एकटेच तार छेडत होते, थरथरत्या बोटानं, वाकडीतिकडी. "दोनशे बारा होते ना रे तुमचे?"

"हो."

"मग बाकीच्या दोनशे अकरांचं काय गेलं?"

हा प्रश्न सन्मतीला स्वतःला पडला नव्हता. आठ महिने तो भिंतीवरचे चढते आकडे बघत होता. कुणाला पिठाचा मऊपणा कळेनासा झाला असेल, कुणाला नातवाच्या कपाळाचा ताप. त्यांनी रोज सकाळी पाच प्रश्नांना बरोबर उत्तरं दिली असतील आणि आपलं वय झालं म्हणून गप्प बसले असतील.

"मी जातो," तो म्हणाला. "प्रत्येकाकडं. अर्धा तास बसतो. शब्द देतो तुला."

"शब्द?" जुबेर त्याच्याकडं वळला. "एक शब्द दिला होता की तुला अब्बानं. त्याचं काय केलंस?"

सन्मती पायरीवरून उठला नाही. खिशातून फोन काढला, नोंद सत्तेचाळीस उघडली, 'ज्वारी' खोडून एक-एक अक्षर दाबत लिहिलं : जवारी. फोननं सुधारलं. त्यानं परत लिहिलं. फोननं परत सुधारलं. तिसऱ्यांदा राहिलं. वर्गाच्या पुढची जागा त्यानं तशीच मोकळी सोडली आणि फोन जुबेरपुढं धरला.

"गुरुवारी मॅडमना सांगतो, की मला माहीत होतं. मग त्याच खोलीत, त्याच पंचवीस माणसांपुढं हे सगळं लिहून काढून वाचून दाखवतो, माझ्या हसण्यासकट," तो म्हणाला. "आणि दोनशे अकरा जण जे म्हणतील, ते त्यांच्या तोंडात येईल तसंच लिहीन. हातानं. नाही कळलं तर परत विचारीन. कळलं असलं तरी परत विचारीन, जुब्या."